डाव्या हाताची चावी

कुलूपबाईंच्या घरात कोणीतरी येऊन जात होतं आणि चोरत मात्र काहीच नव्हतं. त्यांना झोंबत होतं ते हेच. चोराने कपाट फोडलं, ऐवज नेला, तर माणूस चार लोकांत बसून सांगू तरी शकतो. इथे येणारी पाहुणी खुर्ची खिडकीशी ओढायची, कुलूपबाईंच्याच कपात चहा प्यायची आणि कप न विसळता निघून जायची. पाहुणी म्हणायचं ते कपाच्या काठावर राहिलेल्या लाल लिपस्टिकमुळे. कुलूपबाईंनी उभ्या जन्मात लिपस्टिक लावली नव्हती. ओठ रंगवणं म्हणजे दाराला नक्षीचं कुलूप लावणं, असं त्यांचं मत होतं. दिसायला देखणं आणि उघडायला सोपं.

त्यांचं खरं नाव त्यांच्या ताईला आणि सरकारला तेवढं माहीत होतं. बाकी सगळ्यांना त्या कुलूपबाई. खाली ताईची लाँड्री, वर यांच्या दोन खोल्या, आणि पलीकडच्या गल्लीत दुकान. कुलपं करायची, दुरुस्त करायची, चाव्या घासायच्या. हरवलेल्या चावीची तक्रार घेऊन लोक डॉक्टरकडे यावं तसे तोंड पाडून यायचे आणि बाई त्यांना डॉक्टरसारख्याच आधी रागवायच्या, मग काम करायच्या.

आता अशा बाईच्या घरात कोणी शिरतंय म्हणजे न्हाव्याच्या डोक्यात उवा निघाल्यासारखंच. बोलायचं कोणाजवळ? त्यांनी गुपचूप कुलूप बदललं. दुपारी, गल्ली जेवून आडवी झाल्यावर, आपल्याच दाराशी चोरासारखं बसून. पाहुणी पुन्हा आली. त्यांनी आणखी भारी कुलूप बसवलं, ती आणखी लवकर आली. मग त्यांनी दुकानाच्या खिडकीत शोभेला ठेवलेलं, स्वतः केलेलं, ज्याच्याकडे बघून इतर कुलूपवाले नुसता सुस्कारा टाकत, ते कुलूप दाराला लावलं. त्या दिवशी तर पाहुणीने चहाबरोबर बिस्किटंही खाल्ली.

बाईंनी कुलूप काढून त्याचं पोट उघडलं. आत ओरखडा नाही. म्हणजे तारेने, हुकाने उघडलेलं नव्हतं. चावीनेच उघडलं होतं. पण चावी एकच, आणि ती बाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात, अंघोळीलासुद्धा. म्हणजे कोणीतरी कोरी चावी कुलपात घालून, फिरवून, तिच्यावर उमटलेल्या खुणा बघून घासली होती. पुन्हा घालायची, पुन्हा बघायची, पुन्हा घासायची. त्याला हात लागतो आणि कान लागतो. गावात असे दोघेच होते. एक त्या स्वतः. दुसरे उस्ताद. स्वतःवर तर संशय घेता येत नाही. राहता राहिले उस्ताद.

उस्तादांनीच त्यांना फ्रॉकच्या वयापासून हे काम शिकवलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांवर जाड काचा होत्या आणि दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा गप्पा मारणारेच जास्त.

"उस्ताद, माझ्या घरी कोणीतरी येतं."

"बरं आहे की. माझ्याकडे कोणी येत नाही."

"चावी लावून येतं."

उस्तादांनी कानस खाली ठेवली. "काय नेतं?"

"नेत नाही काही. चहा पितं."

"साखर किती घालतं?"

"अहो, साखरेचं काय मध्येच?"

"विचारलं आपलं." त्यांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. "डावा हात दुखतो का गं तुझा हल्ली?"

डावा हात दुखत होता. मनगटापासून कोपरापर्यंत, दिवसभर लोखंड घासल्यासारखा. पण समोरचा विषय टाळतोय हे न कळण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या. "नाही," म्हणाल्या आणि उठल्या. वाटेत फुलवाल्याने हाक मारली, "काल काय हसवलंत हो, अजून पोट दुखतंय." बाईंनी मान हलवली. लोक त्यांना नेहमी कोणीतरी दुसरीच समजायचे. कालची अख्खी संध्याकाळ कुठे गेली हे त्यांना आठवत नव्हतं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. कामात वेळ कुठे जातो कळत नाही, हे त्यांचं जुनंच पालुपद होतं.

मग एके दिवशी त्या जिना चढून आल्या तर दार अर्धवट उघडं, आणि आतल्या बाजूने कुलपात चावी. नवी, चकचकीत, ताजी घासलेली. हातात भाजीची पिशवी तशीच धरून त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. नंतर तडक चौकीवर गेल्या.

हवालदाराच्या हद्दीत बरेच दिवस काही घडलंच नव्हतं, त्यामुळे तो आनंदाने आला. उस्तादांच्या दुकानासमोर गर्दी जमली. हवालदाराने चावी त्यांच्यापुढे धरली.

"ही तुम्ही केलीत?"

उस्तादांनी चावी उजेडात धरली. दातांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. बाईंना वाटलं, चोर पकडला गेला की असाच बघत असेल.

"हो," उस्ताद म्हणाले. "मीच."

गर्दीतून कोणीतरी "वयाचा तरी मान ठेवायचा" असं म्हणालं. ते उस्तादांना होतं की बाईंना, हे कळायच्या आत उस्तादांनी स्वतःच्या हाताने शटर ओढून घेतलं.

कुलूपवाल्यांच्या संघटनेचा एक नियम फार जुना आहे. मालकाच्या परवानगीशिवाय ज्याने दार उघडलं, त्याच्या कानशी भर बैठकीत काढून घ्यायच्या आणि दुकानावरची पाटी उतरवायची. रविवारी बैठक ठरली. तक्रारदार जाणकार असेल तर चावी त्यानेच तपासायची, हाही नियम. शनिवारी सकाळी बाईंनी घरीच टेबल मांडलं, दाराला आतून कुलूप घातलं, भिंग काढलं आणि चावी पकडीत बसवली.

काम सुरेख होतं. इतकं सुरेख की बाईंना अंमळ हेवा वाटला. मग त्यांनी कानशीच्या रेघा पाहिल्या आणि भिंग पुसलं. पुन्हा पाहिल्या. उजव्या हाताने घासलं की रेघा एका बाजूला कलतात. या दुसऱ्या बाजूला कललेल्या होत्या. ही चावी डावऱ्या माणसाने केली होती, आणि उस्ताद तर नाकावरची माशीसुद्धा उजव्या हाताने हाकलायचे.

मग हो का म्हणाले?

बाईंच्या ओळखीचा एकही कुलूपवाला डावरा नव्हता. डाव्या हाताने इतकं बारीक काम होतं तरी का, हे नुसतं बघावं म्हणून त्यांनी कोरी चावी लावली आणि कानस डाव्या हातात घेतली. हाताने ती अशी धरली, जशी आई झोपेतसुद्धा मूल धरते.

ऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, खुर्ची खिडकीशी होती, मांडीवर तयार चावी होती आणि तोंडात चहाची चव. गोड, फार गोड. खाली रस्त्यावरून फुलवाला हात हलवत होता आणि त्यांचा स्वतःचा डावा हात वर उठून त्याला उत्तर देत होता. बाईंनी तो उजव्या हाताने धरून खाली आणला. कप उचलून पाहिला. काठावर लाल ठसा होता. मग हाताची पाठ ओठांवरून फिरवली आणि तिच्याकडे न बघताच त्यांना कळलं.

भीती नंतर आली. आधी आली ती लाज. सगळ्या गल्लीने आपल्याला आपल्याआधी पाहिलं होतं.

ताई शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होती. बाईंनी तोंड घासघासून धुतलं होतं, तरी ताईने एकदाच पाहिलं आणि इस्त्री उभी केली.

"तूच आहेस ना?"

"म्हणजे काय? दुसरी कोण असणार?"

"मग तूच," ताई म्हणाली. "ती असती तर आधी माझी बिस्किटं कुठेत विचारलं असतं."

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुलाही माहीत आहे आणि तुला बोलायचं नाही. आपल्या घरात कुठे काय बोलतात?" ताईने कॉलर उलटीसुलटी केली. "ती येते, आम्ही पत्ते खेळतो. सरळ सरळ फसवते, पण हसवतेही. तू आलीस की माझी कडी तपासतेस."

आपल्या सख्ख्या बहिणीला आपल्यापेक्षा आपणच जास्त आवडतो, या दुःखाला भाषेत शब्द नाही. बाई स्टुलावर बसल्या.

"केव्हापासून?"

ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं. "कोळशाच्या खोलीपासून."

सावत्र वडील कोळशाच्या खोलीत कोंडायचे, एवढं बाईंना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे दुसऱ्या कोणाची गोष्ट माहीत असावी तसं. तिथला अंधार त्यांना आठवत नव्हता. आठवत होतं ते बाहेर आल्यानंतरचं.

"एकदा कुलूप अडकलं," ताई सांगत होती, "म्हणून उस्तादांना बोलावलं. ते येईपर्यंत तू आतून उघडलं होतंस. हेअरपिनने, डाव्या हाताने. उस्ताद नुसते बघतच राहिले. त्यांनीच तुला तिथून नेलं शिकवायला. मग आईने तुझा डावा हात बांधला. म्हणाली, मुलीच्या जातीला बरं दिसत नाही. हात बांधला गेला, ती नाही गेली." ताईने शर्टाची घडी घातली. "चावी माझ्याकडे असायची, माहीत आहे? मी दाराबाहेर उभी असायचे. मला सांगितलेलं होतं, उघडायचं नाही. मी उघडलं नाही."

लाँड्रीत वाफ होती, त्यामुळे कोणाचे डोळे कशाने ओले हे ठरवायची गरज पडली नाही.

"आणखी एक आहे," ताई म्हणाली. "लहान. बोलत नाही. कधीतरी येऊन या टेबलाखाली बसते. मी चादर सोडते खाली आणि इस्त्री करत राहते."

बाईंनी टेबलाखाली पाहिलं. तिथे एक उशी होती. तिला अभ्रा घातलेला होता, इस्त्रीचा.

उस्तादांच्या मागच्या दाराशी त्या पदर सारखा करत बराच वेळ उभ्या राहिल्या. आत गेल्यावर पायाला हात लावायला वाकल्या, तर ते म्हणाले, "राहू दे. काय शोधतेस खाली?"

"तुम्ही ओळखलीत ना चावी?"

"तिला पहिलं वर्ष मीच शिकवलंय. तू तर नंतर आलीस." ते खो खो हसले आणि मग त्यांना खोकला आला. "ती म्हणायची, उस्ताद, दुसऱ्याची चावी वापरायची नाही, आपली आपण करायची, हो ना? मी म्हणायचो, हो. बघ, अजून पाळते. तुझ्या गळ्यातली चावी तिने कधी घेतली नाही."

"मग खोटं का बोललात? सगळ्या गल्लीसमोर?"

"म्हाताऱ्या चोराला लोक विसरतात. मेला की तर देवमाणूसच होतो. पण आपण दुपारी कुठे होतो हे जिला ठाऊक नाही, त्या बाईला घराची चावी कोण देईल? तुझं दुकान एका दिवसात बसेल, पोरी. माझं बसलेलंच आहे. उद्या गप्प राहा."

बाईंना आयुष्यात पुष्कळ गोष्टींची लाज वाटली होती. पण "गप्प राहा" ऐकल्यावर छातीत क्षणभर जे हलकं वाटलं, त्याच्याइतकी कशाचीच वाटली नाही.

रविवारी हॉल भरला होता. एरवी वर्गणीच्या बैठकीला न येणारे आजारीसुद्धा बरे होऊन आले होते. टेबलावर उस्तादांच्या कानशी फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. उस्ताद पहिल्या रांगेत, लग्नाला आल्यासारखे स्वच्छ कपडे घालून.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "तक्रारदार बाईंनी तपासणी सांगावी."

बाई उठल्या. "ही चावी उस्तादांची नाही. डाव्या हाताने केलेली आहे. मी केलेली आहे."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, स्वतःच्याच घरी चोरी? मग ऐवजाचे वाटे कसे केलेत?" आणि हशा पिकला.

"मी नाही. म्हणजे मीच. पण मला ठाऊक नव्हतं."

हे वाक्य त्यांनी रात्रभर घोळवलं होतं, आणि तरीही ते तोंडातून बाहेर आल्यावर इतकं वाईट दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अध्यक्षांनी सहानुभूतीने पाणी पुढे केलं. "गुरूवर माया असते माणसाची. समजू शकतो. पण पुरावा?"

बाईंनी कानस डाव्या हातात घेतली. हात लाकडाचा झाला. कानस सटकली, टेबलावर ओरखडा उठला, संघटनेचं टेबल. आता हशा दाबूनही दबेना. उस्ताद हळूच म्हणाले, "बस खाली, पोरी. झालं तेवढं पुरे."

बाई बसल्या नाहीत. जितकं भारी कुलूप, तितकी लवकर यायची ती. चहा प्यायला येत नव्हतीच. कोंडलेल्याला सोडवायला येत होती.

"हॉलचं कुलूप लावा," त्या म्हणाल्या. "बाहेरून."

हॉलचं कुलूप संघटनेच्या संस्थापकांनी केलेलं होतं, आतून-बाहेरून दोन्हीकडून चावी लागणारं. ते चावीशिवाय कोणी उघडलेलं नाही, असं दरवर्षीच्या भाषणात यायचं. अध्यक्षांना हे आव्हान आवडलं. "चावी कोणाकडे द्यायची?"

"ताईकडे. ताई, तू बाहेर उभी राहा. मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

ताई एक पाऊल मागे सरकली. "हे नको सांगूस मला. दुसरं काहीही सांग."

"ताई."

ताई गेली. दार लागलं. बाईंनी एक कोरी चावी आणि कानस उचलली आणि दाराशी जाऊन बसल्या, सगळ्यांकडे पाठ करून. पाठीवर सगळ्या हॉलची नजर. लाजेने कान तापलेले. आपण परत आल्यावर इथे काय झालेलं असेल, आपण कोणाला काय बोललेलो असू, कोणासमोर कशा हसलेलो असू. कुलूप फिरल्याचा आवाज झाला.

मग दार उघडं होतं.

उंबऱ्याबाहेर ताई उभी होती, हातात न वापरलेली चावी, आणि लहान मुलीसारखी नाक ओढत हसत होती. बाईंच्या डाव्या हातात नवी चावी होती. बोटांना कीस लागलेला. हॉलमध्ये हशा नव्हता, पण हशा नुकताच संपल्यावर असतं तसं काहीतरी होतं. मागच्या रांगेतला तो थट्टेखोर डोळे पुसत होता आणि बाईंकडे फार जुन्या मैत्रीने बघत होता. बाईंनी ओठांना हात लावला. आपल्या पिशवीच्या तळाशी ती काय काय घेऊन फिरते कोण जाणे. पुसायला गेल्या तर लाली गालापर्यंत पसरली.

अध्यक्षांच्या हातात ती आधीची चावी आणि भिंग होतं. "रेघा जुळतात," ते म्हणाले. "उस्तादांवरचा आळ रद्द. पण बाई, एक अडचण आहे. तुम्ही आत्ता म्हणालात, म्हणजे तुम्ही नाही, त्या म्हणाल्या, की घर त्यांचंही आहे. नियम मालकाच्या परवानगीचा आहे. परवानगी नसेल तर त्या दोषी, आणि त्यांच्या कानशी जप्त. आता त्यांच्या कानशी म्हणजे तुमच्याच. तेव्हा मालक म्हणून तुम्ही सांगा. परवानगी होती का?"

बाईंना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं, पण हॉलची फरशी पक्की होती. नाही म्हटलं तर खरं होतं. ते खरं म्हणजे पुन्हा दार लावून, चावी कोणाच्या तरी हातात देऊन, उघडू नकोस म्हणून सांगणं होतं. त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या त्या काळ्या बोटांकडे.

"होती," त्या म्हणाल्या. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाल्या, "होती."

"केव्हा दिलीत?"

"आत्ता."

"नियमात आधी हवी असं..."

"साहेब," उस्ताद पहिल्या रांगेतून म्हणाले, "होती असं लिहा आणि चहा सांगा."

अध्यक्षांनी लिहिलं. उस्तादांनी आपल्या कानशी फडक्यासकट काखेत मारल्या, बाईंजवळ आले आणि त्यांच्या हातातली नवी चावी घेऊन डोळ्यांशी नेली. बाई मान खाली घालून उभ्या होत्या, लालीने माखलेला गाल दुसऱ्या बाजूला फिरवून.

"शेवटचा दात जरा खोल गेलाय," उस्ताद म्हणाले. "सांग तिला."

"तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "तुमची जुनी ओळख आहे."